दगडाच्या कडेवरची लिपी

आयर्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः केरी व कॉर्क या परगण्यांत, उभ्या दगडांच्या कडांवर ओळीने खाचा कोरलेल्या आढळतात. ही नक्षी नव्हे. ही ओगम लिपी होय. आयर्लंड व ब्रिटन मिळून असे सुमारे ४०० दगड ज्ञात आहेत. त्यांतील बरेचसे इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकांतील असून आयरिश भाषेचा सर्वांत जुना लेखी पुरावा त्यांवरच आहे.

या लिपीत महत्त्व आकाराला नाही, संख्येला आहे. दगडाची कड हीच मधली रेघ. तिच्या उजवीकडे, डावीकडे किंवा तिला तिरप्या छेदणाऱ्या १ ते ५ रेघा म्हणजे व्यंजने. स्वर मात्र कडेवरच १ ते ५ बारीक खाचांनी दाखवतात : अ, ओ, उ, ए, इ.

अडचण नेमकी येथेच आहे. सपाट पृष्ठभागावर ऊन-पावसाचा मारा एका बाजूने होतो. कडेवर दोन्ही बाजूंनी. भेगेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते व दगडाचे कण सुटतात. कड आधी झिजते आणि तिच्याबरोबर स्वर जातात. पाचांतील एक खाच पुसली, की ‘इ’चा ‘ए’ होतो!

पुष्कळ लेखांत ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ एवढाच मजकूर असतो. ‘मुलाचा’ या अर्थाचा ‘मक्वी’ हा शब्द वारंवार येत असल्याने त्यातील पुसलेली खाच ओळखता येते. नावाला मात्र असा आधार नाही.

अशा वेळी भौतिकी मदतीला येते. प्रकाशकिरण पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करीत असतील, तर २ मिलिमीटर उंचवट्याची सावली सुमारे १.२ मिलिमीटर पडते. कोन ५ अंशांचा केला, की तीच सावली सुमारे २३ मिलिमीटर होते! अंधाऱ्या खोलीत झिजलेल्या नाण्यावर विजेरीचा झोत आडवा टाकून पाहा. समोरून न दिसणारी अक्षरे उठून दिसतील. डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेने २०१२ साली या दगडांच्या त्रिमितीय मोजणीचे काम हाती घेतले. अशा मोजणीमुळे संगणकाच्या पडद्यावर हवा त्या कोनातून प्रकाश टाकता येतो.

तरीही गळून पडलेला कण कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून शिलालेख छापताना शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात व नष्ट झालेले अक्षर चौकटी कंसात घालतात. दिसले किती आणि तर्क किती, हे वाचकाला स्पष्ट सांगणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.