ऑनलाइन खरेदीतील फसवणूक आणि आयकरातील तोटा : एक विवेचन

प्रस्तावना :
मोबाइलवरून खरेदी करण्याची पद्धत आता भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावातही रुळली आहे. बनावट संकेतस्थळावर पैसे भरले आणि माल आलाच नाही, तर ती रक्कम आयकरात तोटा म्हणून दाखविता येते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

न्यायनिर्णयाचा आधार :
या विषयातील मूलभूत निवाडा विदर्भाशीच निगडित आहे. बद्रीदास डागा यांच्या पेढीच्या मुंबईतील मुखत्याराने 1944 मध्ये पेढीच्या बँक खात्यातून रक्कम काढून स्वतःचे सट्ट्याचे देणे फेडले. त्यातील सुमारे 2 लाख 2 हजार रुपये वसूल झाले नाहीत. कायद्यात अशा वजावटीची स्वतंत्र तरतूद नव्हती. तथापि, व्यवसाय चालविण्यातूनच थेट उद्भवणारी व त्याच्याशी आनुषंगिक असलेली हानी खरा नफा काढताना वजा झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये ठरविले. कर्मचाऱ्याने केलेल्या अफरातफरीचा तोटा ती उघडकीस आलेल्या वर्षी मान्य करावा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 1965 च्या परिपत्रकात स्पष्ट केले.

तत्त्वाचे उपयोजन :
उदाहरणादाखल, भातकुलीतील एखाद्या कृषी केंद्र चालकाने विक्रीसाठी फवारणी पंप मागविले व आगाऊ रक्कम बुडाली, तर तो व्यापारी तोटा होय. मात्र तीच रक्कम दुकानातील संगणकासाठी दिली असल्यास हानी भांडवली स्वरूपाची ठरते व नफ्यातून वजा होत नाही. 1961 च्या अधिनियमातील कलम 44 एडी प्रमाणे अनुमानित नफा दाखविणाऱ्या दुकानदारासही वेगळी वजावट मिळत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने शेतीच्या खरेदीत बुडालेली रक्कम शेतकऱ्यास अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही.

प्राध्यापकाची स्थिती याहून कठीण आहे. घरासाठी मागविलेल्या वस्तूचे पैसे बुडाले, तर वेतनातून ते वजा करण्याची तरतूदच नाही. भांडवली तोट्यासाठी मत्तेचे हस्तांतरण व्हावे लागते; येथे वस्तू मुळात हातीच आलेली नसते. अमेरिकेतही 2017 च्या कायद्याने वैयक्तिक चोरीच्या तोट्याची वजावट 2018 पासून बरीच संकुचित केली.

पुरावा व उपाय :
व्यापाऱ्याने मागणीपत्र, बँकेचा उतारा, पोलीस तक्रारीची प्रत, वसुलीच्या प्रयत्नांची नोंद व हिशेबवहीतील निर्लेखन जपून ठेवावे. पुढे रक्कम परत मिळाल्यास ती उत्पन्नात धरली जाते. पगारदारासाठी मात्र 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करणे हाच प्रमुख मार्ग होय. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी ती गोठविली जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते. विक्रेत्याचा ठावठिकाणा लागत असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

निष्कर्ष :
सारांश, फसवणूक एकच असली तरी आयकराच्या दृष्टीने ती कोणाची व कशासाठी केलेल्या खरेदीत झाली, यावर सर्व अवलंबून आहे. व्यवसायाची हानी नफ्यातून वजा होते. घरखर्चातील हानी ज्याची त्यालाच सोसावी लागते. म्हणून वेतनधारकाने विवरणपत्राच्या भरवशावर न राहता पहिल्या काही तासांतच तक्रार नोंदविणे हिताचे ठरते.