धावावे केव्हा?

पेढी दहाला उघडते, म्हणून ट्रायथलॉनची तयारी करणारे तरुण व्यापारी पहाटेच्या गारव्यात धावतात. स्पर्धेत मात्र धावणे अखेरीस येते. गोव्यात मिरामार येथे २०१९ मध्ये झालेल्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून मग २१.१ किलोमीटर धावायचे होते, तेही चढत्या उन्हात. उन्हाची सवय जडण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस तरी उशिरा, सायकलवरून उतरल्यावर धावावे. नवकारशी पाळणाऱ्यासही हे सोयीचे. तोवर पाणी घेता येते. चौविहार असलेल्याने सायंकाळी धावायचे तर सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी पिता येईल इतक्या आधी थांबावे लागते; आणि नेमकी तीच दुकानातील गर्दीची वेळ!