कुलाब्याची गेलेली आगगाडी

मुंबईच्या पश्चिम लोहमार्गाचे दक्षिण टोक म्हणजे चर्चगेट, हे आज शाळकरी मूलही सांगेल. मुंबईच्या जुन्या कोटाला या बाजूस एक दरवाजा होता. त्यातून सेंट थॉमस चर्चकडे वाट जात असे, म्हणून हे नाव पडले. दरवाजा केव्हाच गेला, नाव तेवढे उरले. परंतु त्या स्थानकाच्या दक्षिणेस, सुमारे दोन किलोमीटरांवर, एके काळी कुलाबा नावाचे मोठे स्थानक होते आणि गाड्यांचा खरा शेवट तेथे होत असे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. तो मार्ग का गेला आणि त्याच्या जाण्याने काय साधले, हे समजून घेण्यासारखे आहे.

ज्या कंपनीने हा मार्ग बांधला, तिच्या नावातच बडोदे होते: बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. तिचे पहिले रूळ मुंबईत नव्हे, तर गुजरातेत अंकलेश्वराजवळ पडले आणि १८६० साली तेथे गाडी सुरू झाली. १८६४ साली हा मार्ग दक्षिणेकडे वाढत मुंबईत ग्रँट रोडपर्यंत येऊन पोचला. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी निघाली. सकाळी एक जाणारी व सायंकाळी एक परतणारी, एवढाच तिचा पसारा होता. आज ज्या लोकलगाड्यांवाचून मुंबईचे पान हलत नाही, त्यांचा आरंभ इतका लहान होता.

या मार्गाला कुलाब्यापर्यंत ओढून नेले ते कापसाने. १८४४ पासून कापसाचा बाजार कुलाब्याला भरत होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या भरात बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढणारी कंपनी निघाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कंपनी बुडाली आणि अनेक कुटुंबे धुळीला मिळाली. तिच्या खटाटोपातून किनाऱ्यालगत जी चिंचोळी पट्टी हाती लागली, तिच्यावरच पुढे रेल्वेचे रूळ पडले. १८७० साली चर्चगेट स्थानक झाले आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत गाडी कुलाब्यास पोचली. तेथील कायमची भव्य इमारत १८९६ साली उभी राहिली.

चर्चगेट ओलांडून कुलाब्याकडे जाताना उजव्या हातास उघडा समुद्र दिसत असे. उत्तरेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही कुलाब्याहूनच सुटत. १९२८ साली सुरू झालेली, पेशावरपर्यंत जाणारी प्रसिद्ध फ्रंटियर मेल त्यांपैकीच एक होय. त्याच वर्षी, ५ जानेवारी रोजी, कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. ज्या मार्गावर एवढा खर्च झाला, त्याचे आयुष्य आता आणखी शंभर वर्षे तरी असेल, असे कोणालाही वाटले असते.

प्रत्यक्षात ते तीन वर्षेही उरले नव्हते.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारने बॅक बेमध्ये भराव घालण्याची जुनी कल्पना पुन्हा हाती घेतली. १,१४५ एकर नवी जमीन काढायची असे ठरले. भराव पडला म्हणजे काठावरचे रूळ नव्या वस्तीच्या व जुन्या शहराच्या मध्ये येणार होते. शिवाय त्या रुळांखालची जमीनही मोलाची ठरणार होती. तेव्हा कुलाब्याचा मार्ग उखडावा असा निर्णय झाला. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी एकवीस महिन्यांत बॉम्बे सेंट्रल हे नवे स्थानक बांधून १८ डिसेंबर १९३० रोजी ते उघडण्यात आले. लोकलगाड्यांनी चर्चगेटलाच थांबावे असे ठरले. ३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री कुलाबा स्थानक बंद झाले.

आणि ती योजना? समुद्राच्या तळातून उपसलेला गाळ फार मऊ निघाला. बांधाच्या फटींतून भराव वाहून जाऊ लागला. खर्च मात्र वाढतच राहिला. वीर नरिमन यांनी या कारभारावर उघड टीका केली, तेव्हा त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरण्यात आला. त्यातून ते निर्दोष सुटले. अखेर १,१४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच जमीन झाली. तिच्यावर मरीन ड्राइव्हसारखा देखणा रस्ता झाला, घरे झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि योजना अर्ध्यावर राहिली म्हणून उखडलेले रूळ काही परत आले नाहीत.

कुलाब्याच्या नोकरदारांना व कष्टकऱ्यांना यापुढे चर्चगेटला उतरून ट्राम गाठावी लागे, नाही तर पायी चालावे लागे. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्रामही थांबली. मग बस उरली. जेथे कुलाबा स्थानक होते, तेथे आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो रेल्वेची तिसरी मार्गिका जमिनीखालून थेट कफ परेडपर्यंत लोकांना नेऊ लागली. आरेपासूनच्या या साडेतेहतीस किलोमीटरांच्या मार्गाला सुमारे ३७,००० कोटी रुपये लागले. हा सारा खर्च कुलाब्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे; परंतु दक्षिण टोकाच्या लोकांना गाडी परत मिळण्यास सुमारे पंचाण्णव वर्षे लागली, हे खरे.

वाचकहो, असे प्रसंग आपल्याही गावी येतात. ग्वाल्हेरची छोटी रेल्वे २०२० साली थांबली. परंतु तेथे रुंद मार्गाचे काम हाती घेतले गेले आणि त्याच्या पहिल्या टप्प्यांवर गाड्याही धावू लागल्या. कुलाब्यास असा बदली मार्ग मिळाला नाही. म्हणून गावची एखादी वाट, गाडी किंवा बस बंद करण्याची गोष्ट निघाली, की ग्रामसभेत उठून दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तिच्या जागी काय येणार, आणि ते येईपर्यंत रोज तिच्यावर अवलंबून असणाऱ्या माणसाने जावे कसे? उत्तर कागदावर मिळेपर्यंत संमती देण्याची घाई करू नये.