स्वस्तातली बंदूक

दिवाळी अंकात बंदूक निघाली की वाचकांना वाघ हवा असतो. मचाण, चांदणी रात्र, दबकत येणारी पावले आणि शेवटी एक बार. या लेखात तसे काही घडणार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. शिकारकथेतल्या बंदुका बहुधा विलायती असतात, त्यांच्या दस्त्यावर नक्षी असते आणि त्यांचा मालक संस्थानिक किंवा बडा अंमलदार असतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. माझी बंदूक देशी बनावटीची, बाराबोअरची, पंपाची. किमतीने एका बऱ्या बैलजोडीपेक्षा स्वस्त. तिच्यावर मी संतुष्ट आहे का, असे मला पुष्कळजण विचारतात. विचारणारांत परवान्याचा अर्ज घेऊन फिरणारे तरुण शेतकरी अधिक असतात. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देतो.

आमच्याकडे बंदूक घरात येते ती शौकापायी नव्हे, रानडुकरापायी. राळेगाव, केळापूर, मारेगाव, झरी या भागांत वावराच्या धुऱ्याला जंगल लागूनच असते. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा असा उकरतो की सकाळी जणू कोणी नांगर फिरवून गेला. रोही तुरीचे शेंडे खातात, आणि खातात त्याहून अधिक तुडवतात. म्हणून पीक हाती येईपर्यंत जागल करावी लागते. उंच माळा, खाली शेकोटी, हातात डबा नि काठी. ज्याने भर थंडीत सलग महिना-दीड महिना जागल केली आहे, त्याला बंदुकीची ओढ का वाटते हे समजावून सांगावे लागत नाही.

वडिलांच्या वेळी ठासणीची बंदूक होती. तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा कोंबायचा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, मागे टोपी बसवायची. तेव्हा कोठे एक बार तयार. तेवढ्यात डुकरे नाल्यापलीकडे! दारूला दमट हवा लागली तर टोपी नुसतीच फटकन वाजे. या बंदुकीला कायद्यातही जागा आहे. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा करून परवान्याचे जोखड घातले. स्वतंत्र भारताने 1959 साली नवा कायदा केला. त्याच्या 13व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे असेही म्हटले आहे की, ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. नळी मात्र 20 इंचांहून आखूड नको. माझ्या पंपाच्या बंदुकीचे घरात येणे या एका वाक्यामुळे झाले.

आता ‘बाराबोअर’ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. आत आटे नसतात, म्हणून ती गुळगुळीत. आणि पंप म्हणजे नळीखाली दुसरी बारीक नळी असते, तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. डाव्या हातात जी लाकडी पकड असते ती मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाते. ओढले, ढकलले, खट्, खटाक्! सगळे काम हाताच्या जोरावर.

या हाताच्या जोरातच स्वस्त बंदुकीचे मर्म आहे. जी बंदूक आपोआप भरली जाते तिला काडतुसाच्या धक्क्यावर किंवा वायूच्या दाबावर अवलंबून राहावे लागते. काडतूस कमजोर निघाले की ती अडते. पंपाला त्याचे सोयरसुतक नाही. काडतूस फुसके निघाले तरी हात ते बाहेर काढतो आणि दुसरे आत सारतो. शेतकऱ्याला रुचावा असाच हा हिशेब आहे: यंत्र साधे, श्रम आपले.

स्वस्त म्हणजे हलके, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. बंदुकीच्या इतिहासात तिला चांगलाच धक्का बसलेला आहे. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग या कारागिराने आखलेली पंपाची बंदूक विंचेस्टर कंपनीने 1893 साली बाजारात आणली आणि 1897 साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली. ही दुसरी बंदूक पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत वापरली, तेव्हा 1918 साली जर्मनीने तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला होता. पण मला महत्त्वाची वाटते ती नंतरची हकीकत. रेमिंग्टन कंपनीची ‘मॉडेल 31’ ही पंपाची बंदूक फार देखणी नि नाजूक कामाची होती. परंतु ती बनवण्यास खर्च फार, त्यामुळे बाजारात ती मागे पडली. मग कंपनीने 1950 साली ‘870’ काढली. तिचे कित्येक भाग ठशाने पत्रा दाबून केलेले, काही भाग दुसऱ्या बंदुकीशी सामाईक. जाणकारांनी नाके मुरडली असतील. पण 2009 सालापर्यंत या बंदुका एक कोटीच्या वर तयार झाल्या. पोलीस, शेतकरी, शिकारी सगळ्यांनी तीच घेतली. कारण जे भाग झिजतात ते मजबूत केले होते, आणि जे नुसते डोळ्यांना दिसतात तेथे पैसा वाचवला होता.

माझी बंदूक त्या घराण्यातली थेट नव्हे, पण त्याच वळणाची. तिचे गुणदोष दोन्ही सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; लेख जाहिरातीसाठी नाही आणि तक्रारीसाठीही नाही.

दोष आधी. पहिल्या वर्षी पंप इतका घट्ट होता की ओढताना नळी निशाणावरून हलायची. लोखंडावरचा काळा रंग दोन पावसाळ्यांत उडाला; ऑगस्टमध्ये तेलाचे फडके दर आठवड्याला फिरवले नाही तर तांबेरा ठरलेलाच. लाकूड दमट हवेत फुगले आणि दस्त्याचा स्क्रू ढिला झाला. माशी थोडी उजवीकडे बसवलेली होती. एकदा काडतूस बाहेर फेकणारी कमान गेली. दुरुस्ती परवानाधारक दुकानदाराकडेच करावी लागते; त्याने सुटा भाग मागवला आणि तो यायला चार महिने लागले. त्या हंगामात बंदूक दुकानात आणि मी माळ्यावर डबा वाजवत!

आता गुण. पाचशे वेळा ओढूनढकलून पंप मऊ झाला आणि मग कधी अडला नाही. नळी उघडून, पुसून पुन्हा जोडायला दहा मिनिटे पुरतात, हत्यारे लागत नाहीत. धूळ, कापसाचे तंतू, कडाक्याची थंडी, सगळ्यांतून ती चालली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे आमच्या जिल्ह्यातल्या लोकांच्या ओळखीची आहेत. तो कारखाना 1869 सालचा, आजोबांच्याही आधीचा. मात्र जुनी वडिलोपार्जित दुनळी ज्यांच्याकडे असेल त्यांनी एक लक्षात ठेवावे: जुन्या नळ्यांचे घर पुष्कळदा अडीच इंचांच्या काडतुसाचे असते आणि त्यात पावणेतीन इंची काडतूस बसल्यासारखे वाटले तरी ते उडवू नये, दाब भयंकर वाढतो. नव्या पंपाला ही अडचण नाही, परंतु नळीवर कोरलेला आकडा वाचूनच काडतूस घ्यावे.

इतके ऐकल्यावर तरुण मंडळी खरा प्रश्न विचारतात: “काका, डुकरे किती मारली?”

उत्तर: एकही नाही.

यावर त्यांचा चेहरा पडतो. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हे आपल्याकडे शंभरातल्या नव्वदांना कोणी सांगितलेलेच नसते. रानडुक्कर आणि रोही 1972च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्याची लेखी परवानगी 11व्या कलमाखाली मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली या दोन प्राण्यांच्या बाबतीत ती पद्धत सोपी करून अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणले. तरीही अर्ज हवा, परवानगी हवी आणि मारलेले जनावर सरकारजमा करायला हवे. मटणाच्या वाटणीचा बेत मनात असेल तर तो तुरुंगाचा रस्ता आहे.

मग बंदुकीचा उपयोग काय? उपयोग आवाजाचा. मोकळ्या बाजूला, वस्ती नि वाट सोडून, मातीच्या ढिगाऱ्याकडे एक बार काढला की कळप धुरा ओलांडून जातो आणि बहुधा दोन-तीन रात्री फिरकत नाही. चौथ्या रात्री येतो, हेही खरे. डुक्कर आपल्यापेक्षा मूर्ख नाही. माझ्याजवळ एक वही आहे, तिच्यात प्रत्येक काडतुसाची तारीख लिहिलेली असते. आजवरचे बार 41. पीक पूर्ण वाचले असे म्हणणार नाही. पण जागलीत मन स्थिर राहिले, आणि शेजारच्या चार वावरांनाही त्याचा लाभ झाला.

वाघाचे काय, हे सांगितल्याशिवाय आमच्या भागातला लेख पुरा होत नाही. टी-1 नावाची वाघीण, जिला लोक अवनी म्हणू लागले, तिच्या नावावर तेरा माणसांचे बळी लावले गेले. त्या काळात सूर्य मावळला की वावरे ओस पडत. वनखात्याने हत्ती आणले, कुत्री आणली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; शेवटी 2 नोव्हेंबर 2018 रोजी रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी लागली आणि तिचे दोन बच्चे मागे राहिले. तेव्हा काही जण मला म्हणाले, “तुमच्याकडे पंप आहे, चला आमच्याबरोबर.” मी गेलो नाही. छऱ्यांची बंदूक तीस-चाळीस यार्डांपलीकडे भरवशाची नसते. तिने वाघ मरण्याऐवजी जखमी होण्याचाच संभव अधिक, आणि जखमी वाघ म्हणजे पुढच्या गावावर पाठवलेले संकट. शिवाय ते काम कायद्याने ज्यांच्यावर सोपवले होते त्यांचेच होते. बंदूक हातात आली की ती काय करू शकत नाही हे ठाऊक असणे, हीच तिच्या मालकाची पहिली लायकी.

या सगळ्याला आमच्याकडे एक स्वस्त पर्याय आहे आणि त्याची मला बंदुकीपेक्षा अधिक भीती वाटते. तो म्हणजे धुऱ्यावरच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे. त्या तारेला डुक्कर, वाघ, बैल आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजाऱ्याचा मुलगा सारखेच. बंदुकीच्या खटक्यावर निदान एका जागत्या माणसाचे बोट असते. तारेवर कोणाचेच नसते. तो झोपेत मारणारा चौकीदार आहे. ज्याला बंदूक परवडत नाही त्याने डबा वाजवावा, सौर कुंपणासाठी अर्ज करावा, नुकसानभरपाईचा पंचनामा मागावा. पण ती तार लावू नये.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत कशासाठी येते ते वाचकांना सांगावयास नको. बोंडअळी, कर्ज, पडलेला भाव. अशा घरात बंदूक ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. रात्र सगळ्यांनाच कधी ना कधी जड जाते. म्हणून आमच्या घरी बंदूक एका जागी कुलुपात आणि काडतुसे दुसऱ्या जागी लोखंडी पेटीत असतात. पेटीला दोन कुलुपे आहेत. एकीची किल्ली माझ्याकडे, दुसरीची सौ.कडे. दोघे एकत्र असल्याशिवाय पेटी उघडत नाही. जागलीला जाताना ती मोजून चार काडतुसे देते, सकाळी मोजून परत घेते आणि वहीत सही करते. तिला बंदुकीतले काही कळत नाही असे ती म्हणते. पण सबंध व्यवस्थेत तिच्याइतका पक्का खटका दुसरा नाही.

तेव्हा संतुष्ट आहात का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: होय, पुरेपूर. नक्षी नसल्याचे दुःख नाही, रंग उडाल्याचे नाही, चार महिने दुकानात पडून राहिली त्याचेही आता नाही. निवडणूक लागली आणि ठाण्यातून बोलावणे आले की ती जमा करतो, परत आली की पुसून ठेवतो. 2019च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली, तेवढे हेलपाटे वाचले. त्याच दुरुस्तीने लग्नावरातीत उत्साहाने बार काढणे हा गुन्हा ठरवला, हेही उत्तम झाले.

घेणाराला सांगणे एवढेच. दुकानात बंदूक पाहताना दस्त्याची चकाकी पाहू नका. रिकामी आहे याची स्वतः खात्री करून पंप वीस वेळा ओढून पाहा, सुटे भाग कोठे मिळतात ते विचारा, आणि उरलेल्या पैशांत भक्कम पेटी नि दोन कुलुपे घ्या. महाग बंदुकीचा मालक ती भिंतीवर लावून पाहुण्यांना दाखवतो. स्वस्त बंदुकीच्या मालकाला दाखवण्यासारखे काही नसते. त्याच्याजवळ असते ती एक वही. तिच्यातली पाने जितकी कोरी, तितका हंगाम बरा गेला, असे खुशाल समजावे.