गिअरच्या दात्याचा आकार कशावरून ठरतो

दोन गिअर फिरताना एक दात्यांची जोडी सुटण्याआधी पुढची भिडलेली असावी लागते, आणि या देवाणघेवाणीत फिरवल्या जाणाऱ्या चाकाचा वेग जराही डचमळता कामा नये. त्यासाठी अट एकच: दाते जिथे टेकतात तिथे काढलेला लंब नेहमी केंद्ररेषेवरच्या एकाच बिंदूतून, म्हणजे पिच पॉइंटमधून, गेला पाहिजे. अट पाळणारे वक्र पुष्कळ आहेत. व्यवहारात मुख्यतः दोन रुळले.

सायक्लॉइडल दाता पिच वर्तुळावर (चाकाच्या केंद्राभोवती पिच पॉइंटमधून जाणाऱ्या वर्तुळावर) दुसरे छोटे वर्तुळ घरंगळवून मिळतो. बाहेरून घरंगळवले की दात्याचा वरचा भाग, आतून घरंगळवले की खालचा. इथे फुगीर बाजू खोलगट बाजूत बसते, त्यामुळे झीज कमी. पण केंद्रांमधले अंतर किंचित चुकले की वेगाचे प्रमाण बिघडते.

इन्व्होल्यूटची कल्पना १८ व्या शतकात ऑयलरने गिअरसाठी मांडली. डब्याभोवती गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत नेला की त्याचे टोक जो वक्र काढते, तोच हा. ताणलेला दोरा हाच त्या वक्राचा लंब, आणि तो मूळ वर्तुळाला, म्हणजे डब्याच्या परिघाला, नेहमी स्पर्श करतो. म्हणून दोन दात्यांचा संपर्कबिंदू दोन्ही मूळ वर्तुळांच्या सामाईक स्पर्शरेषेवरून सरळ सरकतो. आता बेअरिंग झिजून केंद्रे थोडी लांब गेली, तरी मूळ वर्तुळे तीच राहतात, म्हणून वेगाचे प्रमाणही तेच. बदलतो तो प्रेशर अँगल, म्हणजे त्या स्पर्शरेषेचा कल, आणि दात्यांमधली मोकळीक. माझ्या मते मात्र इन्व्होल्यूटला खरे राज्य मिळाले ते कारखान्यात. त्याच्या रॅकचे (सरळ पट्टीवरच्या गिअरचे) दाते सरळ कडांचे असतात, त्यामुळे एकाच हॉबने (दाते कापणाऱ्या हत्याराने) त्या मॉड्यूलचा, म्हणजे दात्याच्या त्या मापाचा, कितीही दात्यांचा गिअर कापता येतो. सरळ कड घासणे आणि मोजणे किती सोपे, हे टूलरूममधल्या माणसाला सांगावे लागत नाही.

दाते थोडे असले की इन्व्होल्यूट अडतो. २० अंशांच्या प्रेशर अँगलला १७ पेक्षा कमी दाते कापले, तर हत्यार बुडखाच पोखरते. प्रोफाइल शिफ्ट करून, म्हणजे कापताना हत्यार जरा बाहेर सरकवून, हे सावरता येते. मनगटी घड्याळात मात्र पिनियनला बरेचदा ६ ते १२ च पाती असतात, आणि मोठे चाक छोट्याला पळवते. तिथे घर्षण परवडत नाही, म्हणून घड्याळजींनी सायक्लॉइडची जात सोडली नाही. फक्त दात्याचे टोक सोयीसाठी वर्तुळाच्या कंसाचे केले.

तिसरी वाट सोव्हिएत संघातल्या नोविकोव्ह यांची, १९५० च्या दशकातली: फुगीर कंस खोलगट कंसात. वेस्टलँड लिंक्स हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्समध्ये अशी जोडी वापरली गेली. भार ती भरपूर पेलते, पण दाते तिरके, म्हणजे हेलिकल, कापावेच लागतात, आणि केंद्रांच्या अंतरातली चूक तिला इन्व्होल्यूटइतकी खपत नाही.