शिकवणीतली प्रीती

विद्यार्थ्याचे मन तरुण शिक्षिकेवर जडले, की आपण एकतर हसतो, नाहीतर संतापतो. हे घडते का, याचा विचार क्वचितच करतो. आमच्या मते त्याचे मूळ रूपात नसून शिकवणीतच आहे. घरी पोराचे बोलणे कोणी धड ऐकून घेत नाही. येथे एक माणूस त्याच्या चुकीपाशी थांबतो, उत्तर बरोबर आले की प्रसन्न होतो. सतराव्या वर्षी हे लक्ष आपल्या गणिताकडे आहे, आपल्याकडे नव्हे, हे कसे कळावे?

पण गुंतायचे ते विद्यार्थ्यानेच, असा काही नियम नाही. आपल्या मुंबईतच उलटे घडले आहे. सन १८७८. रवींद्रनाथ टागोर सतरा वर्षांचे. शाळेशी त्यांचे कधी जमलेच नव्हते. विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी बोलणेचालणे अंगवळणी पडावे, म्हणून वडील बंधू सत्येंद्रनाथ यांनी त्यांना डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. हे आत्माराम म्हणजे १८६७ साली प्रार्थना समाज स्थापणारे, व्याकरणकार दादोबांचे बंधू. त्यांची कन्या अन्नपूर्णा विलायतेहून शिकून आलेली, रवींद्रांहून थोडी मोठी. शिकविण्याचे काम तिच्याकडे आले.

विद्येत विद्यार्थी तिच्यापुढे दबलेला. पण त्याच्याजवळ कविता होती. आपले बंगाली काव्य तो तिला वाचून, अर्थ सांगून ऐकवी. अशी शिकवणी दोन्ही बाजूंनी सुरू झाली. तिने कवीकडे एक नाव मागितले. त्याने ‘नलिनी’ हे दिले. त्याच्या ‘कविकाहिनी’तील नायिकेचेही हेच नाव. दाढी कधी ठेवू नकोस, चेहरा झाकेल, असे तिने त्याला बजावले होते. (तो सल्ला किती पाळला गेला, हे घरोघरच्या तसबिरी सांगतातच!) दोनेक महिन्यांनी, सप्टेंबरात, तो बोटीने निघून गेला. तिचे मन गुंतले होते. त्याने त्या वाटेवर पाऊल टाकले नाही. पुढच्याच वर्षी तिचा विवाह लिटलडेल नावाच्या गृहस्थांशी झाला, आणि १८९१ साली ती एडिंबरोस वारली. १९४० च्या ‘छेलेबेला’त ऐंशीच्या घरातील रवींद्रांनी तिची हळवी आठवण लिहिली. म्हणजे हकीकत कळते ती विद्यार्थ्याच्या तोंडून. प्रीती जिची, ती मुकीच राहिली. आम्हांला हे बोचते.

आम्ही हे अगदी अलिप्तपणे लिहितो, असेही नाही. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली. १९८७ साली आम्ही दिवसा हमाली करून रात्रशाळेत बसत होतो; वय सतरा. गणिताच्या बाई नुकत्याच पदवी घेऊन आलेल्या. एकदा आमच्या वहीत उदाहरणाखाली लिहिलेल्या चार ओळी त्यांच्या दृष्टीस पडल्या. बाईंनी वही वर्गात दाखविली नाही, हेडमास्तरांकडेही नेली नाही. उदाहरणातली चूक तेवढी लाल शाईने दुरुस्त करून दिली. दुसऱ्या दिवसापासून मात्र आमचा एकट्याचा जादा तास बंद झाला. शेजारी दोन नवखी पोरे आणून बसविली, आणि त्यांना अपूर्णांक शिकविण्याचे काम आमच्या गळ्यात घातले. आठवडाभर आम्ही धुसफुसत होतो. मग त्यांतल्या धाकट्याचे उदाहरण एकदाचे सुटले. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले, आणि ती नजर आम्ही ओळखली.