तीन सेकंदांचा धडा

गेल्या महिन्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणात फर्मान निघालं: ‘वर्गात कोच व्हा.’ सांगणारे साहेब दिवसभर पडद्यावरचं वाचत होते. निवृत्तीच्या तोंडावर हे ऐकलं आणि डोकं फिरलं. कोच म्हणजे काय, हे उत्तर कन्नडातल्या जोयड्याच्या मास्तरांना पडद्यावरून कळायला हवं?

१९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाची ‘स्पेशल एरिया गेम्स’ योजना आमच्या भागात आली. मार्गारेट अल्वा तेव्हा केंद्रात क्रीडा राज्यमंत्री. इथल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या जमातीची मुलं निवडली गेली ती रक्ताच्या भरवशावर. आमचे एक हेडमास्तर खूश! ‘यांना पळणंच जमणार’ म्हणाले. म्हणजे पाढे शिकवण्याच्या कटकटीतून सुटका.

मैदानावर मात्र रक्त कामाचं नव्हतं. त्या दिवसांत पाहिलेले एक प्रशिक्षक आठवतात. अडथळ्याआधी मुलीचा पाय जिथे पडला, तिथे ते फक्कीची खूण करायचे. उडी कशी हवी ते करून दाखवायचे, मग तिची चूक हुबेहूब करायचे, पुन्हा बरोबर उडी, आणि लगेच, ‘चल, परत.’ शाबासकी नाही, शिव्याही नाहीत.

हीच रीत अमेरिकेतही सापडते. तिथल्या जॉन वुडन या बास्केटबॉल प्रशिक्षकाचा १९७४-७५चा सराव गॅलिमोर आणि थार्प या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवला होता. २,३२६ नोंदी. त्यांत कौतुक ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के, सुमारे ७५ टक्के नुसतं काय आणि कसं करायचं ते. बरोबर-चूक-बरोबर हे प्रात्यक्षिक क्वचितच तीन सेकंदांपुढे जाई. वुडन मूळचे शाळेत इंग्रजी शिकवणारे, हे मला विशेष आवडतं.

आमच्याकडे वहीवर लाल फुली, फार तर ‘छान’. हातच्याची बेरीज नेमकी कुठे घसरली, ते पोराला कोणी करून दाखवत नाही.

त्या काळात या योजनेतल्या कमला सिद्दी, जुजे जॅकी हरनोडकर ही नावं पेपरात यायची. पोरं पेपर मागून न्यायची. १९९३ला सिद्दी मुलांसाठीचा हा उपक्रम गुंडाळला. सहा वर्षांत धावपटू पिकत नाहीत, हे कागद हलवणाऱ्यांना कोण सांगणार? मुलं घरी परतली, काहींना खेळाच्या कोट्यातून नोकऱ्या मिळाल्या, बाकीच्यांची चौकशी कुणी केली नाही.

पुढची तीस वर्षं परिपत्रकं, बिसिऊट (शाळेतलं दुपारचं जेवण) आणि मोबाइलवरची माहिती भरण्यात गेली. त्यांत लिहिण्यासारखं काही नाही. जिल्ह्यातल्या मुंडगोडला ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स या संस्थेने सिद्दी मुलांना पुन्हा मैदानावर आणलं, तेवढं बरं झालं.

प्रशिक्षण संपताना साहेबांनी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. ‘समाधानकारक’ हा शब्द आधीच छापलेला होता.